पगार घेता का वो, ताई?

संस्थेच्या कामाने वस्तीत गेले आणि नवीन माणूस भेटला की चौथा-पाचवा प्रश्न हाच असतो. नाव विचारून होतं, गाव विचारून होतं, आडनावावरून काय चाचपायचं ते चाचपून होतं, आणि मग आवाज थोडा खाली जातो, "म्हंजे तुम्ही याचा पगार घेता का वो, ताई?" पूर्वी मी गडबडायची. 'मानधन' म्हणायची, 'थोडंसंच' म्हणायची. आता सरळ सांगते की घेते, महिन्याच्या सात तारखेला, बँकेत. समोरचा जरा हिरमुसतो. त्याच्या मनातली समाजसेविका तिथल्या तिथे अर्धी होते.

विदर्भात हे होणारच. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. प्रकाश आमटे 1973 मध्ये हेमलकशाला गेले. बंग दाम्पत्याने 1986 पासून गडचिरोलीत आयुष्य घातलं. लहानपणापासून आमच्यासमोर पट्टी ही आहे. नागपूरच्या पाचपावलीत राहून, स्कूटीने ऑफिसात जाऊन, येताना सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात) आणि मिरच्या घेऊन घरी परतणारी बाई या पट्टीवर मोजायचीच कशी? आणि खरं सांगायचं तर मी समाजसेवा करायला आलेच नव्हते. मी व्हाउचर लावायला आले होते.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ती मिल 2002 मध्ये बंद झाली तेव्हा मी बारावी कॉमर्सला होते. पुढची काही वर्षं आमच्या गल्लीतले पुरुष सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि दुपारी परत यायचे. बाबा कधी रात्रीच्या चौकीदारीला गेले, कधी कोणाच्या दुकानात बसले. मी बी.कॉम. करता करता टॅली शिकले आणि 2005 मध्ये वाडीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात चिकटले. पगार 2,800 रुपये. तेव्हा घरी मला कोणी विचारलं नाही की पगार घेतेस का. बाबांचा प्रश्न एकच असायचा, "पगार होते का वेळेवर?"

वाडी म्हणजे अमरावती रोडवर ट्रकांचं गाव. टायरवाले, पंचरवाले, धाबे, आणि टीनाच्या शेडात आमच्यासारखी ऑफिसं. मी एकटी बाई, बाकी सगळे शेठ, मुनीम, ड्रायव्हर, हमाल. तिथे मी बिल्टी लिहायला शिकले. माल पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, वजन किती, भाडं 'टू पे' (घेणारा देणार) की 'पेड' (आधीच दिलेलं). एक प्रत पाठवणाऱ्याला, एक गाडीसोबत, एक ऑफिसात. पण खरा जीव पोचेत. माल उतरला की घेणाऱ्याने सही-शिक्का मारून दिलेला कागद म्हणजे पोच. माल पोचला आणि पोच नाही आली, तर तो पोचलाच नाही असं धरायचं, भाड्याची बाकी रक्कम अडकलीच. आमचे मुनीमजी म्हणायचे, "ड्रायव्हरच्या शपथेवर पैसे नाही मिळत, पोरी. पोच दाखव." सहा वर्षांत मी हजारो पोचा नंबरवार लावल्या असतील.

लग्न झालं, 2011 मध्ये मुलगा झाला, नोकरी सुटली. मधली तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. विम्याची एजन्सी घेतली, नातेवाईक संपल्यावर ती संपली. घरी शिकवण्या घेतल्या. एका ओळखीच्यांचं गणवेश शिवायचं वर्कशॉप होतं, त्यांचा हिशेब पाहिला. बायोडेटामध्ये ही वर्षं कशी लिहायची हे मला अजून जमलेलं नाही.

2014 च्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, उत्तर नागपुरात एक संस्था आहे, बालवाड्या आणि अभ्यासिका चालवते, त्यांना हिशेब लिहायला कोणीतरी पाहिजे, अर्धा दिवस. कारण मला नंतर कळलं. त्या वर्षी 1 एप्रिलपासून कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं होतं. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करायचे होते, आणि बुटीबोरीच्या एका कंपनीचे साहेब संस्था शोधत फिरत होते. आमच्या गुरुजींनी, म्हणजे संस्थापकांनी, पंचवीस वर्षं बालवाड्या चालवल्या होत्या आणि हिशेब दोन शंभरपानी वह्यांत आणि एका बिस्किटाच्या डब्यात होता. डब्यात पावत्या. पाव किलो गूळ, खडू, सतरंजी धुण्याचे वीस रुपये. साहेबांनी तो डबा पाहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "आधी हे नीट करा, मग बोलू."

6,000 रुपयांवर मी तो डबा नीट करायला बसले.

डब्याने मला जे शिकवलं ते कोणत्याही शिबिरात शिकले नसते. एका बालवाडीची गुळाची पावती मार्चनंतर थांबते, म्हणून विचारलं तर कळलं की तिथली मुलं वीटभट्टीवर आईबापासोबत गेली. एका बाईचं मानधनाचं व्हाउचर दर महिन्याला दुसऱ्याच अक्षरात सही केलेलं, कारण पैसे घ्यायला नवरा यायचा. ही दुसरी गोष्ट 2016 च्या नोव्हेंबरपर्यंत तशीच चालली. नोटाबंदी झाली, रोख देणं बंद केलं, सगळ्या सेविकांची स्वतःची खाती काढायला लावली. ती बाई पासबुक माझ्याच टेबलाच्या खणात ठेवायची. अजून ठेवते. आता नवऱ्याला माहीत आहे, तरी ठेवते.

वाडीची विद्या सगळीच कामाची होती असं मात्र नाही. ट्रान्सपोर्टमध्ये पैसा फिरता असतो. याचं भाडं आलं की त्याचं डिझेल भरायचं, त्याचं आलं की हमाली द्यायची. 2017 मध्ये बुटीबोरीच्या त्या कंपनीकडून येणाऱ्या निधीचा हप्ता दोन महिने लांबला. बालवाडीच्या नऊ सेविका दोन महिने बिनपगारी. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, पोराच्या शिकवणीवाल्याला मी किती दिवस तोंड चुकवू?" खात्यात दुसऱ्या एका देणगीदाराचे ग्रंथालयासाठी आलेले पैसे पडून होते. मी त्यातून 84,000 उचलले, पगार केले, आणि हप्ता आला तसे तीन आठवड्यांत परत टाकले. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. हिशोबात स्पष्ट लिहिलंसुद्धा, 'तात्पुरते वळते'.

सीए साहेबांनी ती ओळ पाहिली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे पैसे तुमचे नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. हे संस्थेचेही नाहीत, हे माहीत आहे का?" ज्या कामासाठी देणगी आली त्याच कामाला ती बांधलेली असते, एक दिवससुद्धा दुसरीकडे फिरवायची नाही, हवं तर आधी लेखी परवानगी घ्यायची. ग्रंथालयवाल्यांना आम्ही स्वतःच पत्र लिहून कळवलं. त्यांनी उत्तर सभ्य दिलं आणि पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत. गुरुजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं. त्या वर्षापासून आम्ही दर देणगीतून नाही, पण आमच्या स्वतःच्या जमेतून थोडं थोडं बाजूला टाकतो. तीन महिन्यांचे पगार निघतील एवढा गल्ला व्हायला पाच वर्षं लागली.

गुरुजींनीच मला म्हटलं, "तू कागद वाचतेस, आता माणसं वाच." नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं, म्हणून 2018 मध्ये इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, नाव घातलं. शनिवार-रविवार संपर्कवर्ग, बाकी पुस्तकं रात्री ओट्यावर. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, अशी मोठी नावं. थिअरीचं मला फारसं वाटलं नाही, पण क्षेत्रकार्याने घाम काढला. चार वर्षं संस्थेत होते आणि एकाही घरात पाच मिनिटांच्या वर बसले नव्हते. पिली नदीच्या काठच्या एका घरात गेले, पोराने आठवीतून शाळा सोडलेली. मी फॉर्म काढला. घरात किती माणसं, उत्पन्न किती, पक्कं की कच्चं. त्याच्या आईने माझ्या हातावर हात ठेवला. "लिवू नका ना जरा. आयका."

दीड तास ऐकलं. फॉर्म कोराच परत नेला. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं तर म्हटलं, पोच नाही मिळाली. त्यांना काय कळणार!

शेवटच्या वर्षाची परीक्षा जून 2020 ला होती, ती कोविडमुळे सप्टेंबरला ढकलली गेली. मला तेव्हा परीक्षा आठवायला वेळही नव्हता. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि पहिल्या आठवड्यातच वस्तीतून फोन सुरू झाले. कंपनीने धान्याच्या किटला पैसे लगेच मंजूर केले. पीठ पाच किलो, तांदूळ, तुरीची डाळ, तेल, मीठ, तिखट, साबण. कळमन्याच्या बाजारातून माल मिळत होता, पण गाडी नव्हती. कोणी रस्त्यावर गाडी काढायला तयार नव्हतं. मी नऊ वर्षांनी वाडीच्या शेठना फोन लावला.

"शेठजी, एक आयशर पाहिजे. परवानगीचा कागद माझ्याजवळ आहे."

"भाडं कोन देईन?"

"डिझेल मी देते. भाडं नाही."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "ड्रायव्हर इथंच पडून आहेत दहा दिवसांपासून, खायले धाबा नाही. त्यायलेही दोन-दोन किट दे."

वाडीच्या त्या आवारात अकरा ड्रायव्हर अडकलेले होते, चार राज्यांतले. त्यांनी आणि दोन जुन्या हमालांनी पहिली गाडी भरली. एका हमालाने मला ओळखलं, "आता काय करून राहिली तू?" आणि मी सांगायच्या आत पुढचं पोतं पाठीवर घेतलं. मी सवयीने कोऱ्या कागदावर बिल्टी लिहिली. नग 240, पाठवणार संस्था, घेणार म्हणून वस्तीतल्या बचत गटाच्या तीन बायकांची नावं. त्या बायकांनी उतरवून, मोजून, सह्या केल्या. नग 239 भरले. एक पीठाची थैली फुटली होती, तीही त्यांनी लिहून दिली.

कंपनीकडून मागणी आली की प्रत्येक लाभार्थ्याचा किट घेताना फोटो पाठवा. मी सही-अंगठ्याची यादी पाठवली आणि सोबत ती फुटक्या थैलीची ओळ ठळक करून पाठवली. लिहिलं, फोटो मागाल तर देऊ, पण रांगेतल्या बाया पदराने तोंड झाकून घेतात, त्या फोटोतून तुम्हाला काहीच कळणार नाही. या कागदातून कळेल. पुन्हा फोटो मागितले नाहीत. नशीब म्हणा, तिथे त्या वेळी समजूतदार माणूस होता. सगळीकडे नसतो.

गुरुजी त्याच वर्षी गेले. 2021 मध्ये कार्यकारी मंडळाने मला व्यवस्थापक केलं. अभिनंदनाचा नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवशी बँकेने विश्वस्तांची अद्ययावत यादी मागितली, धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकची प्रत. ती काढली तर त्यावर सात नावं. गुरुजी धरून चार मयत, एक मुलीकडे पुण्याला कायमचे गेलेले. कायद्याने विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्याकडे 2009 नंतर कोणी दिलाच नव्हता. सगळे मुलांमध्ये रमलेले, कागदाकडे कोण बघतो? म्हणजे बारा वर्षं आमची संस्था कागदोपत्री बरीचशी स्वर्गातून चालत होती.

मग ते निस्तरणं आलं. प्रत्येक बदलाचा वेगळा अर्ज, तोही क्रमाने. मृत्यूचे दाखले, त्या वेळच्या सभांची इतिवृत्तं, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, उशीर का झाला याचा माफीचा अर्ज. एका दिवंगत विश्वस्तांच्या घरी दाखला मागायला गेले तर मुलगा म्हणाला, "बाबाले जाऊन अकरा वर्षं झाले. आता त्यायचा राजीनामा काऊन पाहिजे?" त्याला समजावता समजावता चहा झाला, मग त्याने कपाटावरची पेटी काढली. दाखल्यासोबत त्यात आमच्या पहिल्या बालवाडीच्या उद्घाटनाचा फोटो निघाला. चौदा महिने आणि मोजता येणार नाहीत इतक्या तारखा. त्याच काळात आयकराची 12ए (संस्थेच्या करमाफीसाठी) आणि 80जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) ही नोंदणी सगळ्याच जुन्या संस्थांना नव्याने करायची होती, आणि कंपन्यांचा निधी हवा तर सीएसआर-1 हा फॉर्मही भरायचा होता. ज्याला या क्षेत्रात यायचं आहे त्याने डोळ्यांत पाणी आणणारी व्याख्यानं थोडी कमी ऐकावी आणि कोणत्या तरी संस्थेचं एक चेंज रिपोर्टचं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळावं. मी हे चिडून सांगत नाही. संस्था अशाच बंद पडतात, माणसं चांगली असूनही.

पगाराच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो वस्तीतले लोकच विचारतात असं नाही. देणगीदार जास्त विचारतात, फक्त शब्द वेगळे. 'तुमचा ओव्हरहेड किती?' म्हणजे वरखर्च. 2022 मध्ये एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आमच्या प्रस्तावातले सेविकांचे पगार खोडले. "नियमाने पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च देता येत नाही." मी त्या रात्री नियम उघडून बसले. पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर. प्रकल्प राबवायला लागणारी माणसं त्यात येत नाहीत. बालवाडीत सेविका हाच प्रकल्प आहे. दुसरं काय आहे तिथे? चार सतरंज्या आणि एक फळा! दुसऱ्या दिवशी मी कंपनी मंत्रालयाच्या खुलाशाची प्रत घेऊन गेले. साहेबांनी वाचलं, परत वाचलं, आणि पगारांची ओळ पुन्हा घातली. 10 टक्के कमी करून घातली, ते सोडा.

सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं, तेव्हा आम्ही पुन्हा बिल्ट्या लिहिल्या. त्या वेळी मी स्वतः गाडीवर गेले नाही. दोन सेविकांनी सगळं केलं आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर नंबरवार पोचा ठेवल्या. त्यातली एक तीच, पासबुकवाली.

मागच्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले. डोळे दाखवायला मेडिकलला नेलं होतं, येताना थांबलो. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मी म्हटलं बसा, चहा सांगते, मुलांनी काढलेली चित्रं बघा. त्यांनी चित्रांकडे बघितलंही नाही. टेबलावर पगारपत्रक पडलेलं होतं, सात तारीख होती. त्यांनी ते ओढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागले. मूळ पगार, हजेरी, रजा, सही. सतरा नावं. मिलमध्ये ते असंच वाचायचे म्हणे, दुसऱ्यांचंही, कारण खात्यातल्या निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही.

शेवटच्या नावापर्यंत आले आणि बोट तिथेच ठेवून म्हणाले, "यायची पीएफ नाही कापत?"

म्हटलं, "बाबा, वीस माणसं झाले की लागू होते. आपण सतराच आहो."

"मंग? वीसच्या खाली चालतच नाही का?"

चालतं. संस्थेने स्वतःहून नोंदणी करायची ठरवली तर करता येते. मला ते माहीत होतं. चार वर्षांपासून माहीत होतं, आणि संस्थेचा वाटा कुठून आणायचा म्हणून मी तो विषय कोणाजवळ काढला नव्हता. मी काही बोलले नाही. बाबांनी पगारपत्रक नीट चौकोनी करून परत टेबलावर ठेवलं आणि बशीत चहा ओतला.

कार्यकारी मंडळाची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिका काल सगळ्यांना पाठवली. पीएफ सहाव्या क्रमांकावर आहे, ऐनवेळच्या विषयांच्या आधी. सोबत तीन वर्षांचा खर्चाचा तक्ता जोडला आहे. तो अजून जुळत नाही, दरवर्षी साधारण एक लाख नव्वद हजार कमी पडतात.